ट्रान्झिस्टर म्हणजे दोन डायोड, तर मग दोन डायोड जोडून ट्रान्झिस्टर का होत नाही?

डिप्लोमा_विश्रामबाग:
नमस्कार मंडळी. डिप्लोमा सेकंड इयर, इलेक्ट्रॉनिक्स, सांगली. एक गोष्ट डोक्यात बसंना म्हणून इथं विचारतोय. पुस्तकात एनपीएन ट्रान्झिस्टर (एमिटर, बेस, कलेक्टर असे तीन पाय) म्हणून दोन डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे) पाठीला पाठ लावून दाखवतात. मल्टिमीटर डायोड रेंजला ठेवून बीसी ५४७ हा एनपीएन ट्रान्झिस्टर तपासला तर तेच दिसतंय, लाल प्रोब बेसवर आणि काळा एमिटरला लावला की ०.६८ व्होल्ट, कलेक्टरला लावला की ०.६७, प्रोब उलटे केले की काहीच नाही, कलेक्टर-एमिटरमध्ये तर दोन्हीकडनं काहीच नाही. मग म्हटलं बघू, दोन ४००७ डायोड घेतले, ॲनोड (प्लसकडची टोकं) एकत्र पिळले, त्याला बेस म्हटलं आणि त्याच सर्किटात लावलं. एलईडी पेटत नाही. ट्रान्झिस्टर लावला की पेटतो.

दुसरा प्रश्न ह्याच्याहून मोठा आहे. कलेक्टर-बेस जंक्शन (दोन भाग भेटतात ती सीमा) रिव्हर्स बायस, म्हणजे उलट्या व्होल्टेजवर, असतं असं सगळीकडं लिहिलंय. रिव्हर्स बायसमध्ये करंट जात नाही हे पहिल्याच सेमला शिकवलं. मग कलेक्टरचा एवढा करंट त्याच जंक्शनमधनं जातो कसा? विचारलं तर 'ट्रान्झिस्टर ॲक्शन' असं उत्तर मिळालं. ते नाव झालं, कारण कुठंय?

मिरज_रिपेअरिंग:
बेस पातळ असतो भावा. विषय संपला.

डिप्लोमा_विश्रामबाग:
दादा पातळ म्हणजे किती, आणि पातळ असला म्हणून नेमकं होतं काय?

कुपवाड_पॅनेलवाला:
आमच्या आयटीआयच्या सरांनी नळाचं उदाहरण दिलेलं. कलेक्टर म्हणजे टाकी, एमिटर म्हणजे खाली बादली, बेस म्हणजे नळाची चावी. चावी थोडी फिरवली की धो धो पाणी. मला तेवढ्यावर पंधरा वर्षं पॅनेल वायरिंग जमलंय.

निवृत्त_प्राध्यापक_सातारा:
नळाचं उदाहरण कामापुरतं ठीक आहे, पण ह्या मुलाने विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वेळ काढून वाच बाळा.

आधी बनावट. शुद्ध सिलिकॉनमध्ये मुद्दाम भेसळ करतात, तिला डोपिंग म्हणतात, हे तुला माहीत आहे. फॉस्फरस घातला की मोकळे इलेक्ट्रॉन जास्त, तो एन टाइप. बोरॉन घातला की होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, जास्त, तो पी टाइप. पुस्तकातल्या चित्रात एन-पी-एन असे तीन सारखे चौकोन असतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो, कारण खऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये ते तीन भाग अजिबात सारखे नसतात. ढोबळ आकडे सांगतो. एमिटरमध्ये साधारण पाच हजार सिलिकॉन अणूंमागे एक भेसळीचा अणू. बेसमध्ये पाच लाखांत एक. कलेक्टरमध्ये पाच कोटींत एक. प्रत्येक ट्रान्झिस्टरला हे थोडं बदलतं, पण चढउतार ह्याच क्रमाने असतो. आणि बेसची जाडी एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी. डोक्याचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घे.

आता काय होतं ते पाहू. बेस-एमिटर जंक्शन फॉरवर्ड बायस केलं, म्हणजे सुलट व्होल्टेज दिलं, की एमिटरमधले इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात. बेस पी टाइप आहे, तिथे होल बहुसंख्य, म्हणजे हे इलेक्ट्रॉन तिथे अल्पसंख्य झाले, मायनॉरिटी कॅरियर. साध्या डायोडमध्ये काय होतं? पी भाग लांब असतो, इलेक्ट्रॉन आत जाता जाता होलशी जुळतात आणि संपतात. ट्रान्झिस्टरमध्ये पी भाग इतका पातळ आहे की जुळायला वेळच मिळत नाही. इलेक्ट्रॉन नुसते पसरत पसरत, डिफ्यूजनने, पलीकडच्या कडेला पोचतात. शंभरातले नव्याण्णव किंवा त्याहून जास्तच पोचतात.

पलीकडच्या कडेला तुझं रिव्हर्स बायस जंक्शन आहे. रिव्हर्स बायस अडवतो कोणाला? कलेक्टरमधल्या इलेक्ट्रॉनना बेसकडे येण्यापासून आणि बेसमधल्या होलना कलेक्टरकडे जाण्यापासून. म्हणजे बहुसंख्यांना. बेसमधल्या इलेक्ट्रॉनसाठी मात्र तिथलं विद्युत क्षेत्र बरोबर उलट्या दिशेने काम करतं, कडेला आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन ते कलेक्टरमध्ये ओढून घेतं. साध्या रिव्हर्स बायस डायोडमधून करंट जात नाही तो दरवाजा बंद असतो म्हणून नव्हे, तर जायला पी बाजूला इलेक्ट्रॉनच नसतात म्हणून. इथे शेजारचा एमिटर ते सतत पुरवतोय. हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचा जीव आहे, दोनदा वाच.

डिप्लोमा_विश्रामबाग:
सर तीनदा वाचलं. 'जायला इलेक्ट्रॉनच नसतात म्हणून' हे वाचलं आणि एकदम उजेड पडला. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं 🙏 म्हणजे रिव्हर्स बायस डायोडचा जो बारीक लीकेज करंट असतो तो पण ह्याच जातीचा का?

निवृत्त_प्राध्यापक_सातारा:
शाब्बास. अगदी तोच. उष्णतेने जे थोडे अल्पसंख्य कॅरियर तयार होतात तेवढेच ओढले जातात, म्हणून लीकेज इतका छोटा असतो आणि तापमान वाढलं की वाढतो.

तासगाव_द्राक्षबाग:
मग दोन ४००७ चं काय झालं? ते राहिलंच की.

मिरज_रिपेअरिंग:
तेच मी वर एका ओळीत सांगितलेलं 😄 दोन डायोडच्या मधी काय हाय? तांब्याचे पाय अन पिळलेली वायर. इलेक्ट्रॉन पहिल्या डायोडच्या पी मधीच जुळून संपला, पुढं वायरीत जो करंट गेला तो साधा करंट. दुसऱ्या डायोडला कळायचं कसं की पलीकडनं कोण आलंवतं.

निवृत्त_प्राध्यापक_सातारा:
मिरजकरांनी नेमकं सांगितलं. धातूमध्ये अल्पसंख्य कॅरियर ही भानगडच उरत नाही. तीनही भाग एकाच अखंड स्फटिकात असायला हवेत आणि मधला भाग पातळ हवा. ह्या दोन अटींपैकी एक जरी मोडली तरी हातात नुसते दोन डायोड उरतात.

अनालॉग_वेडा:
प्राध्यापक साहेब, मांडणी छानच, पण बेस करंटबद्दल एक भर घालतो. बऱ्याच पुस्तकांत लिहितात की बेस करंट म्हणजे बेसमध्ये जुळून गेलेल्या इलेक्ट्रॉनची भरपाई. जुन्या जाड बेसच्या ट्रान्झिस्टरला ते बऱ्यापैकी लागू होतं. आजच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये बेस इतका पातळ असतो की तिथे फारसे जुळतच नाहीत, बेस करंटचा मोठा वाटा म्हणजे बेसमधून उलटे एमिटरमध्ये शिरणारे होल. जंक्शन फॉरवर्ड बायस केलं की वाहतूक दोन्हीकडून होणार, इलेक्ट्रॉन इकडे, होल तिकडे. होलची वाहतूक आपल्या काहीच कामाची नाही, ती कमीत कमी ठेवायची म्हणून तर एमिटरमध्ये भेसळ जास्त आणि बेसमध्ये कमी. वर दिलेले पाच हजार आणि पाच लाख हे आकडे ह्याच कारणासाठी तसे आहेत. बेसमध्ये पण ठासून डोपिंग केलं तर गेन, म्हणजे कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट तो आकडा, कोसळेल.

निवृत्त_प्राध्यापक_सातारा:
बरोबर. ही भर आवश्यक होती, धन्यवाद.

कुपवाड_पॅनेलवाला:
मग एवढं सगळं बघता ट्रान्झिस्टर करंटवर चालतो का व्होल्टेजवर? आम्ही तर बेस करंट गुणिले बीटा (म्हणजे तोच गेन) असंच करतो.

अनालॉग_वेडा:
व्होल्टेजवर. बेस-एमिटर व्होल्टेज ठरवतं की किती इलेक्ट्रॉन आत शिरणार, आणि ते एक्स्पोनेन्शियल आहे. नेहमीच्या तापमानाला ६० मिलिव्होल्ट वाढवलं की कलेक्टर करंट दहापट. एबर्स आणि मॉल ह्यांनी १९५४ मध्ये जे मॉडेल दिलं ते ह्यावरच उभं आहे. बेस करंट हा सोबत येणारा खर्च आहे, कारण नव्हे.

मिरज_रिपेअरिंग:
साहेब तुमचं थिअरीला खरं, पण मी बेसला थेट ०.७ व्होल्ट देत बसलो तर दुकान बंद करावं लागंल. थंडीत एक करंट, उन्हाळ्यात दुसरा, अन दोन ट्रान्झिस्टर कंदी सारखे नसत्यात. बेसला रेझिस्टर लावायचा, करंट ठरवायचा, गिऱ्हाईक खूश.

अनालॉग_वेडा:
स्विच म्हणून वापरताना तुमचीच पद्धत वापरतो मी पण. पण करंट मिरर, म्हणजे एका ट्रान्झिस्टरचा करंट दुसऱ्यात तसाच उतरवणारं सर्किट, समजून घ्यायचा असेल तर बीटाने काही हाती लागत नाही. तिथे दोन ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज सारखे म्हणून करंट सारखे, एवढीच गोष्ट. समजायला व्होल्टेज, हिशेबाला करंट, असं मी पोरांना सांगतो.

कराड_हौशी_रेडिओ:
बीटावरनं आठवलं. बीसी ५४७ च्या डेटाशीटमध्ये गेन ११० ते ८०० असा पसरलेला आहे. ए ग्रुप ११० ते २२०, बी २०० ते ४५०, सी ४२० ते ८००. ज्या सर्किटचं चालणं नेमक्या बीटावर अवलंबून आहे ते सर्किट चुकीचं डिझाइन केलंय असंच समजा. मला हे मनापासून वाटतं आणि कॉलेजात बीटा बरोबर १०० धरून गणितं सोडवून घेतात त्याचं वाईट वाटतं.

डिप्लोमा_विश्रामबाग:
माझ्या ५४७ बी चा मीटरच्या सॉकेटमध्ये २८० आला. एक गंमत केली, एमिटर-कलेक्टर उलटे घातले तर आकडा एकदम खाली आला, पण शून्य नाही. दोन्ही एन टाइपच ना, मग फरक का पडतो?

निवृत्त_प्राध्यापक_सातारा:
कारण वर दिलेले आकडे. उलटा लावला की पाच कोटींत एक भेसळीचा कलेक्टर एमिटरचं काम करू लागतो. तो इलेक्ट्रॉन कमी देतो आणि बेसमधून होलच जास्त घेतो. शिवाय आकाराचा मुद्दा आहे. खरा ट्रान्झिस्टर सँडविचसारखा रचलेला नसतो. एन टाइप सिलिकॉनची चकती हाच कलेक्टर. तिच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर, त्यात खिडकी उघडून भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापमानाला बोरॉन मुरवायचा, तो झाला बेस. मग त्या बेसच्या आत आणखी लहान खिडकी उघडून फॉस्फरस मुरवायचा, तो एमिटर. म्हणजे एमिटर बेसच्या पोटात आणि बेस कलेक्टरच्या पोटात. एमिटरमधून निघालेला इलेक्ट्रॉन खाली कुठेही गेला तरी कलेक्टरच भेटतो. उलट दिशेने निघालेल्याला एवढासा एमिटर सापडणं अवघड. ही प्लेनर पद्धत फेअरचाइल्डच्या जाँ होर्नी ह्यांनी १९५९ मध्ये आणली आणि पुढच्या सगळ्या आयसी त्याच वाटेने गेल्या.

उलटा लावण्यात धोकाही आहे. बेस-एमिटर जंक्शनला रिव्हर्समध्ये ६ व्होल्टचीच मर्यादा असते बीसी ५४७ ला, कलेक्टरकडून मात्र ४५ व्होल्टपर्यंत चालतं. तुझ्या मीटरवर ०.६८ आणि ०.६७ असा जो बारीक फरक दिसला तोही ह्याच बनावटीमुळे. जास्त वाचन देतो तो एमिटर, हे लक्षात ठेव, पाय ओळखायला कामी येतं.

मिरज_रिपेअरिंग:
ही ट्रिक आमी रोज वापरतो, कारण आज समजलं. धन्यवाद सर.

आता कुणाला आतलं डोळ्यानं बघायचं असंल तर सांगतो. जळका २एन ३०५५ घ्या, ती मोठी लोखंडी टोपीवाली जात. व्हाईसमध्ये धरून टोपीच्या कडंनं हॅक्सॉ ब्लेड हळूहळू फिरवायचं, टोपी अलगद निघते. आत मोठ्या जाड बुडावर मधोमध करड्या रंगाची बारकी चौकोनी चिप, काही मिलिमीटरची. सगळं बाकीचं धातूच. चिपचं बूड थेट पत्र्याला सोल्डर केलेलं, म्हणून बॉडी हाच कलेक्टर. अन वरनं दोन पट्ट्या न्हायतर तारा पायांकडं गेलेल्या, एक बेस एक एमिटर. जळक्यात बऱ्याचदा चिपवर काळा खड्डा पडलेला दिसतो, तिथं वितळलेलं असतंय. एवढ्याशा तुकड्यातनं १५ अँप जायचे.

कराड_हौशी_रेडिओ:
महत्त्वाची सूचना, विशेषतः पोरांसाठी. हे फक्त २एन ३०५५ सारख्या साध्या लोखंडी टोपीच्या ट्रान्झिस्टरवर करा. ट्रान्समीटरमधल्या आरएफ पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये पांढऱ्या सिरॅमिकसारखा भाग असतो, तो बेरिलियम ऑक्साइडचा असू शकतो. त्याची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसाला कायमची इजा होते. त्याला कानस, ब्लेड, हातोडी काही लावू नका.

वाई_जुना_श्रोता:
वाचत होतो गुपचूप. आमच्या वडिलांचा रेडिओ होता, त्यावर सकाळी आकाशवाणी सांगली लागायची. त्यात ओसी ७१ होते, काचेचे, वरून काळा रंग दिलेला. त्या रंगाचं कारण काय होतं कुणाला माहीत आहे का?

कराड_हौशी_रेडिओ:
काका, उजेड आत जाऊ नये म्हणून. ते जर्मेनियमचे पीएनपी (एनपीएनच्या उलट रचनेचे). काळा रंग खरवडला की उजेडाने आत इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या तयार होतात, त्याच बेस करंटचं काम करतात आणि ट्रान्झिस्टर उजेडावर चालू होतो. हौशी लोक रंग खरवडून फोटोट्रान्झिस्टर म्हणून वापरायचे, कंपनीचा खास उजेडासाठीचा ओसीपी ७१ वेगळा मिळायचा.

अनालॉग_वेडा:
जुन्याचा विषय निघालाच आहे तर, पहिला ट्रान्झिस्टर आपण बोलतोय तसा नव्हताच. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन ह्यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन संपर्क अगदी जवळ टेकवून केला, पॉइंट कॉन्टॅक्ट म्हणतात त्याला. एकाच स्फटिकात थर असलेल्या जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना शॉक्लीने जानेवारी १९४८ मध्ये मांडली आणि प्रत्यक्ष चांगला चालणारा जंक्शन ट्रान्झिस्टर १९५१ मध्ये जाहीर झाला. तिघांना मिळून १९५६ चं नोबेल. त्या पहिल्यातही दोन संपर्क किती जवळ हे सगळ्यात कळीचं होतं, म्हणजे विषय पुन्हा पातळपणावरच येतो.

तासगाव_द्राक्षबाग:
माझा एक प्रश्न, जरा वेगळा हाय. शेततळ्याच्या टाकीला पाण्याच्या लेव्हलचं सर्किट स्वतः जोडलंय, ५४७ अन १२ व्होल्टचा रिले (मोटर चालू-बंद करणारा कॉइलचा स्विच). टाकी भरली की मोटर बंद. दोन-चार दिवस चालतंय अन ट्रान्झिस्टर जातो. रिले ओढताना नाही, सोडताना जातोय असं वाटतंय.

कुपवाड_पॅनेलवाला:
रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड आहे का?

तासगाव_द्राक्षबाग:
न्हाय.

कुपवाड_पॅनेलवाला:
तेच कारण. कॉइलचा करंट एकदम तोडला की ती स्वतःचं व्होल्टेज तयार करते, १२ च्या जागी शंभराच्या वर सुद्धा जाऊ शकतं, आणि ५४७ ची झेप ४५ पर्यंतच. ४००७ लावा, डायोडवरची पट्टी प्लसकडं. कॉइल किती ओहम?

तासगाव_द्राक्षबाग:
४०० दाखवतंय.

कुपवाड_पॅनेलवाला:
म्हणजे ३० मिलिअँप, ५४७ ला १०० पर्यंत चालतो, बिनधास्त. आता बेसला करंट भरपूर द्या, स्विचिंगला बीटा दहाच धरायचा, म्हणजे ३ मिलिअँप. ५ व्होल्टच्या कंट्रोलरमधनं देत असाल तर ५ वजा ०.७ म्हणजे ४.३, भागिले ३, दीड के चा रेझिस्टर. असं केलं की कलेक्टर-एमिटरमध्ये ०.२ च्या आसपास व्होल्ट उरतात आणि ट्रान्झिस्टर थंड राहतो. अर्धवट चालू ठेवला की तापतो.

तासगाव_द्राक्षबाग:
कंट्रोलर न्हाय, पाण्यातल्या दोन सळ्यांमधनंच बेसला जातंय.

अनालॉग_वेडा:
मग पाण्याचा रोध दहा-वीस किलोओहमच्या घरात धरा, बेसला फार तर मिलिअँपभरच मिळेल, वर धरलेले ३ मिळणार नाहीत, ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहू शकतो. एकामागे एक दोन ५४७ लावा, डार्लिंग्टन, गेन गुणला जातो. आणि सळ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, पाण्यातून एकाच दिशेने करंट वाहिला की लोखंड खात जातं.

तासगाव_द्राक्षबाग:
लय उपकार. डायोड आजच आणतो.

मिरज_रिपेअरिंग:
तापण्यावरनं एक सांगायचं राहिलं. गणपतीच्या आधी मंडळांचे ॲम्प्लिफायर दुकानात येत्यात, आउटपुटचे ३०५५ गेलेले. कारण बऱ्याचदा एकच, हीटसिंकवर चिकटवलेला बायसचा (बेसचं व्होल्टेज ठरवणारा) डायोड सुटून लोंबकळत असतो.

निवृत्त_प्राध्यापक_सातारा:
फार चांगलं उदाहरण. तितक्याच करंटसाठी लागणारं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतं. बायस तसाच ठेवून ट्रान्झिस्टर ३० अंशांनी तापला तर ६० मिलिव्होल्ट जास्त दिल्यासारखं झालं, आणि वर सांगितलंच आहे की ६० मिलिव्होल्टला जवळपास दहापट करंट. करंट वाढला की आणखी तापतो. डायोड हीटसिंकवर असला की तोही तापतो, त्याचंही व्होल्टेज तितकंच उतरतं आणि बायस आपोआप खाली येतो. तो सुटला की आवरायला कोणी नाही.

डिप्लोमा_विश्रामबाग:
मंडळी, रात्री पुन्हा सगळं लावून बघितलं. ९ व्होल्ट, एलईडीला सिरीजमध्ये १ के, बेसला १ मेगा. बेस करंट ८.३ मायक्रोअँप येतो हिशेबानं. ट्रान्झिस्टर लावला तर १ के वर २.३ व्होल्ट मोजले, म्हणजे २.३ मिलिअँप, २८० पट बरोबर बसलं! त्याच जागी दोन ४००७ लावले, १ के वर शून्य. मीटर मिलिव्होल्टला आणला तरी शून्य. ८.३ मायक्रोअँप एका डायोडमधनं गेला आणि दुसऱ्याला पत्ताच नाही, मिरजेचे दादा म्हणाले तसंच. मग ट्रान्झिस्टर चिमटीत धरला तर २.३ चं हळूहळू वर सरकायला लागलं. हे पण २ मिलिव्होल्टमुळेच का?

अनालॉग_वेडा:
इथे नाही. तुझा बेस करंट १ मेगाने बांधलेला आहे, ०.७ चं ०.६८ झालं तर ८.३ मध्ये काही फरक पडत नाही. तापमानाबरोबर बीटा स्वतःच वाढतो, ते तू बघतोयस.

निवृत्त_प्राध्यापक_सातारा:
प्रयोग उत्तम केलास. आता पुढचं कर. एलईडी काढ, बेसला ९ व्होल्टवरून ४७ के आणि १० के चा डिव्हायडर (व्होल्टेज वाटणारी दोन रेझिस्टरची जोडी) दे, एमिटरमध्ये ४७० ओहम टाक, कलेक्टरला १ के राहू दे. बेसवर साधारण दीड व्होल्ट येईल, त्यातून ०.७ गेले की ४७० वर ०.८ च्या आसपास. मग बीसी ५४७ ए, बी, सी तिन्ही आळीपाळीने लाव, चिमटीत धरून तापव, आणि प्रत्येक वेळी १ के वरचं व्होल्टेज लिहून ठेव. आकडे इथे टाक, त्यावर बोलू.

डिप्लोमा_विश्रामबाग:
ए आणि सी उद्या दुकानातनं आणतो सर. पीएनपीचं पण विचारायचं होतं, बीसी ५५७ ला हे सगळं उलटं धरायचं ना?

निवृत्त_प्राध्यापक_सातारा:
हो. एमिटर होल देतो, बॅटरीची दिशा उलटी, बाकी गोष्ट तीच. सिलिकॉनमध्ये होल इलेक्ट्रॉनपेक्षा हळू सरकतात, म्हणून वेग हवा तिथे एनपीएन आधी निवडतात. आधी डिव्हायडरचे आकडे टाक.